थेटरात न दाखवलेला भाग

बोलणं संपलं की काका उजवा हात वर करून हवेतली दोरी दोनदा ओढत आणि म्हणत, "चला, डबल!"

सगळी नोकरी एस.टी.त कंडक्टर म्हणून झालेली. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. निवृत्त झाल्यावर त्यांच्या गप्पाही याच घंटीवर चालत. रोज सकाळी ते माझ्या मेडिकलसमोरच्या बाकावर येऊन बसत. कुणाचं मोडलेलं लग्न असो की पंचायतीतली हाणामारी, सगळं ऐकून घेत, आपलं मत देत आणि दोरी ओढून पुढच्या विषयाला लागत. पांढरंशुभ्र धोतर, कडक सदरा, भरघोस मिशा. तुमच्याही फाट्यावर असा एखादा माणूस बसत असेल. त्याच्याकडे नीट पाहून ठेवा.

आमचं गाव वाशीम जिल्ह्यातलं, कामरगावच्या रस्त्यावरचं. एका वर्षी इकडे एका पिक्चरचं शूटिंग आलं. त्यांचा एक माणूस डोकेदुखीची गोळी घ्यायला माझ्या दुकानात आला, तेव्हा काका जीपवाल्याला झापत होते, "अबे, मानसं हायत का कोंबड्या हायत? किती कोंबून राह्यला?" त्या माणसाने गोळी खिशात टाकली आणि काकांकडे बघतच राहिला. दुसऱ्या दिवशी काका मुंडासं बांधून शूटिंगला गेले.

कथा साधी होती. मालकाचे गुंड गावच्या विहिरीला कुलूप लावायला येतात आणि एक म्हातारा विहिरीच्या झाकणावर हात ठेवतो. शूटिंग दोन दिवस चाललं. पण परत आल्यावर काकांनी आम्हाला सांगितलं ते एवढंच: "लय मोठा डायलॉग देल्ला मले."

पिक्चर कारंजाच्या टॉकीजला लागलं तेव्हा आम्ही टेम्पो भरून गेलो. पडद्यावर काका आले. झाकणावर हात ठेवला आणि एस.टी.त मागच्या सीटपर्यंत पोचणाऱ्या त्या आवाजात म्हणाले, "विहीर गावाची हाय. कुलूप लावाचं असन तं माह्या हातावर लाव!" त्यांचा चेहरा पडदाभर झाला आणि लगेच पुढचा सीन लागला. टॉकीजमध्ये शिट्ट्यांनी कानठळ्या बसल्या.

काका बदलले, हे मान्य करायला हवं. जीपवाले त्यांना पुढची सीट देऊ लागले आणि ते ती घेऊ लागले. माझ्या काउंटरवर हात ठेवून त्यांनी तो डायलॉग कितीदा म्हटला असेल, देव जाणे. खोकल्याचं औषध मागायला आलेला माणूस खोकला विसरून ऐकत उभा राही. काकू वैतागून म्हणत, "विहिरीचं सांगून राह्यले गावाले. घरचं पानी मीच भरतो."

मग ती जागेची भानगड झाली. स्टँडला लागून मोकळं मैदान होतं, तिथे आठवडी बाजारात भाजीवाल्या बाया बसत. एका कंत्राटदाराने तिथे तार ओढायला सुरुवात केली. जागा माझी, इथे गाळे बांधणार, म्हणाला. बाया सरळ बाकाकडे आल्या. "काका, तुमीच बोला आता. तुमी भेत नाही कोनाले."

बाया गेल्यावर काका मला हळूच म्हणाले, "बापू, मले तिकीट फाडता येते. मले असं काई येते का?"

तरी बाजाराच्या दिवशी ते गेले. तारेच्या खांबासाठी खणलेल्या खड्ड्यात धोतर आवरून उतरले आणि बसले. "खांब गाडाचा असन तं मले धरून गाडा," म्हणाले. आवाज अजिबात चढवला नाही. हे वाक्य त्यांना कुणी लिहून दिलेलं नव्हतं. कंत्राटदाराची माणसं कुदळ खांद्यावर टाकून परत गेली. त्या दिवशी मैदानात बाजार भरला. सगळ्या गावाने मिळून वाशीमला कलेक्टर कचेरीत जायचं ठरलं आणि दोन टेम्पोही सांगून ठेवले.

जायच्या आदल्या दिवशी कंत्राटदाराच्या माणसांनी पानटपरीवर टीव्ही आणून ठेवला. त्याच पिक्चरची सीडी बाजारात आली होती. कव्हरवर लाल अक्षरांत छापलं होतं, 'थेटरात न दाखवलेल्या सीनसह'. सेन्सॉरने जे जे कापलं, ते सगळं सीडीवाल्यांनी पुन्हा जोडून विकायला काढलं होतं.

माझ्या काउंटरवरून टीव्ही समोरच दिसत होता. काकांनी झाकणावर हात ठेवला. डायलॉग झाला. टॉकीजमध्ये सीन इथेच संपला होता. सीडीत तो पुढे चालू राहिला. गुंडांनी काकांचा हात पिरगाळला, त्यांना खाली पाडलं, त्यांचं धोतर ओढून काढलं. पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीवर काका मातीतून गुडघ्यांवर रांगत गेले आणि गुंडाच्या बुटावर त्यांनी कपाळ टेकलं. "चुकलो मालक. लावा कुलूप."

लोक हसले. सीन मागे नेऊन पुन्हा लावला, तेव्हा जास्त हसले. एकजण बाकावर गुडघे टेकून रांगून दाखवू लागला.

तेवढ्यात काका आले. गर्दीच्या मागे उभे राहून त्यांनी शेवटपर्यंत पाहिलं. मग म्हणाले, "अरे, अॅक्टिंग हाय ते."

टीव्हीजवळचा एकजण मान वळवून म्हणाला, "मंग थो पह्यला डायलॉग काय होता, काका?"

एवढंच. तो तसा वाईट माणूस नव्हता. खड्ड्याच्या दिवशी तोही काकांच्या मागे उभा होता.

दुसऱ्या दिवशी दोन्ही टेम्पो येऊन उभे राहिले. काका आले आणि चार बाया आल्या. "जो बुटावर डोकं ठेवते, त्याच्या मांगं कोन जाईन?" पानटपरीवरून कुणीतरी ओरडलं. टेम्पो रिकामेच परत गेले. काका त्या चौघींना घेऊन बसने वाशीमला जाऊन आले. पाचजणांचं कुणी काय ऐकणार? पावसाळ्याआधी मैदानाला भिंत लागली.

नंतर बरेच दिवस काका बाकावर आले नाहीत. गोळ्या न्यायला काकू येत. एकदा दुकानात उभ्या बायांपैकी एक तोंडाला पदर लावून हसली. काकू तिला म्हणाल्या, "माह्या नवऱ्याचं धोतर फिटलेलं दिसलं तुले. खड्ड्यात बसला होता थो नाही दिसला?" आणि सुटे पैसे न घेताच निघून गेल्या.

काका आले ते एका दुपारी, गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा. स्वतःहूनच बोलले.

"कॅमेऱ्यात कमरेच्या वरचंच घेतो म्हनलं होतं त्यायनं. मी नाहीच म्हनत होतो. पन सगळे खोळंबले होते, ऊन उतरून राह्यलं होतं. केलं मंग. घरी येऊन जेवलो नाही त्या दिवशी. टॉकीजात पाह्यलं तं थो सीनच नाही. मले वाटलं, कोनाले तरी माही दया आली. लाज राखली माही."

"सेन्सॉरने कापला होता तो, काका."

"माईत झालं आता." त्यांनी गोळ्यांचं पाकीट उचलून खिशात घातलं. "अॅक्टिंग हाय म्हनलो मी, कोनी ऐकलं नाही. पन बापू, टॉकीजात शिट्ट्या वाजल्या, तवा मी काहून नाही म्हनलो, अॅक्टिंग हाय म्हनून?"



मागच्या हिवाळ्यात काका गेले. मैदानात आता गाळ्यांची ओळ आहे, एका गाळ्यात मोबाईलचं दुकान आहे. काका गेले त्या दिवशी गावाच्या ग्रुपवर कुणीतरी 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहून त्यांच्या पिक्चरची क्लिप टाकली. सीडीतली. तीच सापडली असेल.

भाजीवाल्या आता डांबरी रस्त्याच्या कडेला, नालीच्या पुढ्यात पोती अंथरून बसतात. काकांना मी शेवटचं तिथेच पाहिलं. बाजाराचा दिवस होता. ते एका बाईकडून मेथीची जुडी घेत होते. समोरून बस आणि मागून उसाचा ट्रक एकदम आला आणि ट्रक डांबर सोडून पोत्यांच्या बाजूला सरकू लागला. बाई टोपली ओढायला वाकली. काका दोन पावलं मागे आले आणि ट्रक आणि टोपलीच्या मधे, रस्त्याकडे पाठ करून उभे राहिले. ट्रकवाल्याने कचकन ब्रेक मारला आणि शिवी हासडली. बस निघून गेली. तोवर बाईने टोपली मागे घेतली होती. काकांनी मेथीची माती झटकली, जुडी पिशवीत टाकली आणि ते घराकडे चालू लागले.

बाजार भरलेला होता. दुसरं कुणी पाहिलं नाही.