धड्याचा पाचवा तुकडा

...तर कात्री माझ्याच हातात होती, हे आधी कबूल करून टाकतो. काल जेवायची हाक आली आणि गोष्ट नेमकी कात्रीपाशी अडकली. आमची सूनबाई माध्यमिक शाळेत नववीला इंग्रजी शिकवते आणि तिच्या धड्यांचे तुकडे करायचं खातं माझ्याकडे आहे. तुकडे म्हणजे खरोखरचे तुकडे. गोष्ट मोठ्या अक्षरांत छापून आणायची, कापून तिचे सहा भाग करायचे आणि वर्गातल्या सहा गटांना एकेक द्यायचा. अख्खी गोष्ट कुणाकडेच नाही. ज्याने त्याने आपला तुकडा वाचायचा, समजून घ्यायचा, दुसऱ्या गटात जाऊन तोंडाने सांगायचा आणि मग सगळ्यांनी मिळून गोष्ट जुळवायची.

मी गावच्या शाळेत शिकलेला. आमचे मास्तर इंग्रजी वाचायचे आणि आम्ही मागून ओरडायचो. उत्तरं लिहायची आमची एक रीत होती: प्रश्नातला एखादा शब्द धड्यात हुडकायचा आणि ती ओळ जशीच्या तशी उतरवायची. एकदा मला दहापैकी नऊ मिळाले. धडा माकडाचा होता की मंत्र्याचा, ते मला आजवर ठाऊक नाही. सूनबाईला हे सांगितलं तेव्हा मला वाटलं हसेल. तर म्हणाली, "बाबा, माझी मुलंही अजून तेच करतात. म्हणून तर कापते."

पण कापलेल्या धड्याचा गलका फार. शेजारच्या वर्गातले गणिताचे सर भिंतीवर डस्टर आपटून आपटून थकले आणि मुख्याध्यापिकाबाईंकडे गेले. बाईंनी सूनबाईला बोलावून रोखठोक सांगितलं, "गुरुवारी मी मागच्या बाकावर बसणार. मुलांना कळतंय असं दिसलं, तर ही मुलं दहावीतही तुमचीच. नुसता बाजार दिसला, तर दहावी दुसऱ्या कुणाकडे." त्या दिवशी ती दोन घास खाऊन उठली. वर्षभर बाबापुता करून ती मुलं आत्ता कुठं तोंड उघडायला लागली होती.

बुधवारी दुपारी मी कापायला बसलो. गोष्ट अशी की एक बाई मांडीवर भलंमोठं गजराचं घड्याळ घेऊन बसमधून निघते. सहाव्या तुकड्यात बघतो, तर घड्याळ गायब आणि बाई पोट धरून हसतेय. मध्ये काय झालं, मला राहवेना. चहानंतर डिक्शनरी घेऊन सावकाश वाचू, म्हणून पाचवा तुकडा चष्म्याच्या घरात सरकवला. चहानंतर लागली डुलकी. झालं.

गुरुवारी वर्गात पाच गटांपुढे कागद आणि पाचव्या गटापुढे नुसता बाक. मागे मुख्याध्यापिकाबाई वही उघडून बसलेल्या. गोष्ट पुस्तकाबाहेरची, दुसरी प्रत नाही. हे सगळं सूनबाई संध्याकाळी घरी आल्यावर मला सांगत होती. तिनं त्या गटाला सरळ सांगितलं, "तुमचा तुकडा हरवलाय. बाकीच्यांना काय हवं ते विचारा आणि त्यात काय असेल ते तुम्हीच सांगा. इंग्रजीत मात्र."

मग जो गलका झाला म्हणता. घड्याळ किती जड? बाई उतरणार कुठं? शेजारी कोण बसलंय? दुसऱ्या गटानं सांगितलं की शेजारचा माणूस रोज बसमध्ये झोपतो आणि त्याचा थांबा निघून जातो. मुख्याध्यापिकाबाईंनाही मागे राहवलं नाही. म्हणाल्या, "घड्याळ चोरीला गेलं असणार." त्यावर पाचव्या गटातली एक मुलगी उठली. अख्खा वर्ग तिला मौनीबाई म्हणतो. ती म्हणाली, "थीफ टेक क्लॉक, देन व्हाय शी लाफ, मॅडम? शी गिव्ह टु स्लीपिंग मॅन."

व्याकरण लंगडं, पण मुद्दा दोन्ही पायांवर उभा. बाईंनी वही मिटली.

तास संपल्यावर बाई सूनबाईला म्हणाल्या, "एक तुकडा मुद्दाम लपवलात, युक्ती छान होती." आणि ही काय म्हणावी? "लपवला नाही मॅडम, हरवला."

"अगं, गप्प बसायचं की!" मी म्हटलं. "चालून आलेली शाबासकी कुणी परत करतं का?"

"खोट्यावर मिळालेली दहावी वर्षभर कशी शिकवू, बाबा?"

चष्मा पुसावा म्हणून घर उघडलं, तर कागद टपकन तिच्या पुढ्यात. तिनं कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बाबा," एवढंच म्हणाली. मी मान खाली घातली, तर ही तोंडाला पदर लावून हसतेय.

दोघांनी मिळून तुकडा वाचला. मौनीबाईचं बरोबर होतं. बाईनं घड्याळ त्या झोपाळूलाच दिलं होतं. पुढे गजर झाला, सगळी बस दचकून जागी झाली, आणि हा पठ्ठ्या घड्याळ उशाला घेऊन घोरतच राहिला.

हसून झाल्यावर मी जरा दबकतच विचारलं, "आणि दहावीचं काय झालं, पोरी?"

"दहावी माझ्याकडेच राहिली, बाबा. फक्त वर्ग टोकाच्या खोलीत हलवलाय, म्हणजे गणिताच्या सरांचे हात दुखायचे नाहीत. आणि उद्या घंटा व्हायच्या आत येऊन घड्याळाचं काय झालं ते सांगा, असं मुख्याध्यापिकाबाईंनी बजावलंय. म्हणाल्या, तुकडा सापडो न सापडो, ज्यानं हरवला त्याला विचारा, त्यानं नक्की वाचला असणार."