हातखाली मॅडम

आमच्या मॅडम रस्त्यावरच्या अनोळखी माणसालाही "हात खाली!" म्हणून दटावायच्या. घरी पिंप्राळ्याला जाताना रिक्षात शेजारी बसलेला कुणी नाकावरचा फोड चाचपायला लागला, की यांचा आवाज चढलाच म्हणून समजा. तो बिचारा दचकून हात खिशात घालायचा आणि आपलं काय चुकलं याचा विचार करत उतरून जायचा. जळगावच्या कॉलेजात त्या आम्हाला सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायच्या. त्यांचं खरं नाव वेळापत्रकापुरतं; पोरांच्या तोंडी त्या 'हातखाली मॅडम'. त्यांना हे ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं.

बाई भित्र्या होत्या, हे सरळच सांगते. सापाला नव्हे, चोराला नव्हे, प्राचार्यांना तर मुळीच नव्हे; फक्त जंतूंना. प्रॅक्टिकलला आत सोडण्याआधी त्या दारातच प्रत्येकाची बोटं तपासायच्या. आमच्या चोपड्याकडची पोरं केळीच्या बागेत काम करून यायची. शर्टावर चिकाचा काळा डाग दिसला, की मॅडम म्हणायच्या, "बागेतून आलास ना? मग विळा लागला असेल. दाखव." जखम निघाली की त्या दिवशी तो बाहेर. आम्ही खुसखुसायचो. "हसा," त्या म्हणायच्या, "एवढ्या पोरांत भिणारं एक तरी माणूस हवं."

एकदा त्यांनी आम्हाला पुवातले जंतू दाखवले. जंतू वाढवायच्या एका काचेच्या बशीत सोनेरी ठिपके, दुसरीत त्याच जातीचे, पण रंग हरवलेले पांढरे. दोन्हींवर त्यांनी जखम धुवायचं फेसाळणारं औषध घालायला लावलं. नंतर पुन्हा वाढवून पाहिले, तर पांढरे जवळजवळ संपलेले आणि सोनेरी मजेत वाढलेले. "आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूला गिळतात आणि आतल्या आत जाळतात," मॅडम म्हणाल्या. "हा सोनेरी रंग म्हणजे एक इवलासा रेणू. ती आग तो स्वतःवर घेतो. तुम्ही मे महिन्यात तोंडाला रुमाल गुंडाळून बाहेर पडता ना? तसा हा आपल्या अंगातल्या उन्हात रुमाल बांधून हिंडतो." मग बशी लांब धरून म्हणाल्या, "आणि दिसतो किती छान, मेला." तेव्हापासून कुठलीही बशी उघडली की त्यांचा पहिला प्रश्न असायचा, "रंग?" आणि वर ताकीद, "डोळ्याला दिसला तोच सांगायचा. रंगाच्या बाबतीत खोटं चालणार नाही."

माझ्या लग्नाला मॅडम चोपड्याला आल्या त्या हळदीच्या दिवशीच. आदल्या दिवशी माझ्या वरच्या ओठावर, नाकाच्या अगदी खाली, एक फोड आला होता. फोटोत वाईट दिसेल म्हणून काकूंनी मला धरून बसवलं, सुई तापवली आणि मी नको म्हणेपर्यंत फोड पिळून मोकळ्या झाल्या. सकाळी माझा ओठ सुजला होता, डोळा अर्धा मिटत होता आणि मांडवात बसल्या बसल्या मला हुडहुडी भरली होती. मी ती लग्नाची धास्ती समजत होते.

मॅडम समोर आल्या, हसल्या, आणि हसू तिथंच थिजलं. "फोड कुणी पिळला?" त्यांनी विचारलं. आवाज इतका बारीक की मला आधी तो त्यांचा वाटलाच नाही.

"काही नही व्हत मॅडम," काकू हळदीची वाटी घेऊन पुढे आल्या. "इतलासा फोड शे. हळद लाई दिधी का बठ्ठं बरं व्हई जाई."

मॅडमनी वाटीवर आपला हात आडवा धरला. "या जागेच्या शिरा थेट डोक्यात जातात, काकू. हिला आत्ता जळगावला न्यायचं."

"पाव्हना येल शेतस! लोके काय म्हनतीन?" काकूंनी मांडवात जमलेल्या पाहुण्यांकडे हात केला.

"लोक काय म्हणतील ते ऐकायला ही राहायला हवी ना," मॅडम म्हणाल्या. माझे वडील, नाना, गाडीची चावी घेऊन उठले.

जळगावपर्यंत मॅडमनी माझे दोन्ही हात आपल्या मांडीवर घट्ट धरून ठेवले होते. चेहरा ठणकत होता, हात सारखा वर जाऊ बघत होता. त्यांचे तळवे घामाने ओले झाले होते. तो घाम जाणवला तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. आपण मरणार, असं स्वच्छ वाटलं.

दवाखान्यात सलाईनमधून औषधं सुरू झाली. डोळा पूर्ण बंद झाला. बाहेर नाना बाकावर बसून होते, सारखे डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत. माझा पू तपासायला गेला होता. दुसऱ्या दिवशी मॅडम आत आल्या तेव्हा मी एवढंच विचारलं, "मॅडम, रंग?"

"पांढरा," त्या म्हणाल्या. जराही अडखळल्या नाहीत.

मी उघडा राहिलेला डोळा मिटला आणि कितीतरी वेळाने शांत झोपले. हळूहळू सूज उतरली, ताप गेला, मी वाचले. लग्न पुढच्या मोसमात लागलं. त्याची पत्रिका द्यायला पिंप्राळ्याला मॅडमच्या घरी गेले, तेव्हा चहा गाळता गाळता त्या म्हणाल्या, "रंग सोनेरी होता बरं का तुझा."

मी म्हणाले, "तुम्ही खोटं बोललात?"

"खोलीत घाबरलेलं एक माणूस पुरे होतं. ते काम मी करत होते." मग पाठमोऱ्याच म्हणाल्या, "धुळ्याला माझ्या भावाची हळद होती. त्याच्याही ओठावर, तिथंच. मी करवली. मीच पिळला तो फोड, फोटोत चांगला दिसावा म्हणून. त्याला हळद लागलीच नाही." त्यांनी कप माझ्या हातात दिला आणि साखर नीट पडली का, ते विचारलं.

गेल्या वर्षी मॅडम गेल्या. हृदयविकाराने, बसल्या जागी. त्यांच्या आवडीचा एकही जंतू त्यात नव्हता. अंगणात त्यांना ठेवलं होतं, कपाळाला हळदकुंकू लावलेलं. मी पायांवर हात ठेवून उठले आणि डोळे भरून आले. पुसायला हात वर निघाला, अर्ध्यावर आला आणि थांबला. आजूबाजूला त्यांचे कितीतरी विद्यार्थी उभे होते. सगळ्यांचे चेहरे ओले होते आणि सगळ्यांचे हात खाली होते.