काळ्या राजाची दुसरी खुर्ची

काळा राजा दुष्ट होता, हे माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे. त्याने गावं जाळली, नदीचं पाणी नासवलं, साध्या माणसांचे दगड करून वाटेवर उभे केले. तो दुःखी होता, हे माझ्या मैत्रिणीचं मत. अंबरनाथला शिवमंदिराच्या रस्त्यावरच्या आमच्या चाळीत एका टीव्ही गेमवरून आम्ही दोघींनी हा वाद वर्षभर घातला. वाद मिटला नाही. माझ्यासमोर वाद घालायला माणूस उरलं नाही, इतकंच.

ती आमच्या भिंतीपलीकडच्या खोलीत राहायची. तिचे वडील, ज्यांना मी काका म्हणायचे, आणि माझे बाबा आनंदनगरच्या एकाच कारखान्यात, एकाच खात्यात होते. एकाच पाळीला, एकाच सायकलवर जायचे. सायकल बाबांची, मागे कॅरिअरवर काका, आणि दोघांचे डबे काकांच्या मांडीवर. आम्ही शाळेत निघायच्या आधी ही जोडी कोपऱ्यावर वळलेली असायची.

एका दिवाळीला बोनस मिळाल्यावर काका आम्हा दोघींना उल्हासनगरच्या बाजारात घेऊन गेले आणि मैत्रिणीसाठी टीव्ही गेम घेतला. सिंधी दुकानदाराने कॅसेट लावून दाखवली. पडद्यावर किल्ला आला, पाऊस आला आणि खाली अक्षरांच्या रांगा आल्या. एकही अक्षर ओळखीचं नाही.

"शेठ, हे वाचायचं कसं?" काकांनी विचारलं.

"साईं, पढना किसको है? खेलने का है."

"पण गोष्ट कळायला नको का?"

"जपानी माल है. समझ में नहीं आता, वही तो ओरिजनल की निशानी है! नकलीवाला सब समझ में आता है."

काकांना हे इतकं पटलं की घरी येईपर्यंत त्यांनी ते वाक्य दोनदा म्हणून दाखवलं. ती अक्षरं जपानी होती की चिनी, हेही आम्हाला कधी कळलं नाही. म्हणून गोष्ट आम्हीच रचली.

खेळायला दोघी लागायच्या. एकीच्या रिमोटवर तलवारवाली चालायची, दुसरीच्या रिमोटवर दिवेवाली. काळ्या राजाच्या किल्ल्यात गुडूप अंधार. दिवेवाली पुढे झाली की तेवढाच जिना दिसे, आणि तेवढ्यातच तलवार चालवायची. एकटीने तिथे काही करता येत नसे. मी तलवार घ्यायचे, ती दिवा. हे ठरवावं लागलं नाही.

खेळ कुठवर आला हे त्या यंत्राला लक्षात ठेवता येत नव्हतं. बंद केलं की पुन्हा पहिल्या गावापासून सुरुवात. म्हणून आम्ही टीव्ही बंद करायचो आणि गेम चालूच ठेवायचो. अडॉप्टर तापायचा, त्याखाली काकू ओलं फडकं ठेवायच्या. पण आमच्याकडे शुक्रवारी कारखान्यांना सुट्टी आणि सकाळपासून लाइट बंद. त्यामुळे आमचं जग दर शुक्रवारी बुडायचं. शनिवारी पहिलं गाव पुन्हा हिरवंगार असायचं आणि राजा ते पुन्हा जाळायचा.

प्रत्येक लढाईनंतर राजा थोडा वेळ दिसायचा. तोंडावर लोखंडी टोप, त्यामुळे चेहरा नाही. मोठ्या दालनात खुर्चीवर बसलेला, आणि शेजारी एक लहान खुर्ची, रिकामी.

"त्याची पोरगी मेली असणार," मैत्रीण म्हणायची.

"मेली म्हणून दुसऱ्यांची घरं जाळायची?"

"मी कुठे म्हणते जाळायची? मी म्हणते, आधी तो तसा नसेल."

"आधी कसा होता ते जळलेल्यांना विचार."

"ए पत्रकवाली, खेळ ना गं. सभा नंतर घे."

पत्रकवाली हे नाव मला तिनेच ठेवलं होतं आणि ते खरं होतं. बाबा युनियनची पत्रकं लिहायचे. माझं अक्षर चांगलं म्हणून छपाईच्या स्टेन्सिलवर मी उतरवून द्यायचे. न अडखळता पहिल्यांदा पूर्ण वाचलेलं वाक्य माझ्या पुस्तकातलं नव्हतं, 'कामगार बंधूंनो, सावध व्हा' हे होतं. घरात छापील कागद म्हणजे पत्रकंच. रद्दी झाली की त्याच्या मागच्या बाजूला मी गणितं करायचे. पत्रकात एक सोय असते. अन्याय कोण करतो आणि तो कोणावर होतो, हे पहिल्याच परिच्छेदात कळतं. मला जगाबद्दल अजूनही तेच हवं असतं, आणि त्यात लाजण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही.

पुढच्या पावसाळ्यानंतर कारखान्यात टाळेबंदी झाली. गेटसमोर युनियनचा मांडव पडला. बाबा आणि काका आता सायकलवरून मांडवात जायचे. दिवाळी कोरडी गेली. मग कंपनीने नोटीस लावली: चांगल्या वर्तणुकीचं हमीपत्र लिहून द्या, युनियनशी संबंध नाही म्हणा आणि कामावर या. बाबांनी त्यावर पत्रक लिहिलं. मी ते उतरवलं. 'जो आत जाईल तो आपल्याच भावाच्या ताटातली भाकरी उचलेल.' मला ते वाक्य फार आवडलं होतं.

एका सोमवारी काका आत गेले.

का गेले, हे कोणाला माहीत नव्हतं. काकूंचं काही दुखणं आहे, असं कोणी म्हणालं. मॅनेजर त्यांच्या गावाकडचा आहे, असंही कोणी म्हणालं. काकांना कोणी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर ऐकून घ्यावं लागलं असतं. चाळीत दोन जाती झाल्या, आतले आणि बाहेरचे. आमच्या भागात आतले फक्त काका. कंपनीची बस त्यांना नाक्यावरून उचलायची, खिडक्यांना जाळी मारलेली. काका तोंडाला रुमाल बांधून खाली मान घालून बसायचे. बाबांची सायकल आता मोकळ्या कॅरिअरने जायची. नळावर काकूंच्या कळशीला कोणी हात लावत नसे, ना पुढे सरकवायला ना बाजूला करायला. रांग तिला वळसा घालून जायची आणि पाणी जायची वेळ व्हायची. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांच्या दारावरून बायका न बोलता पुढे गेल्या.

मला घरात कोणी जाऊ नको म्हणालं नाही. तिनेही मला ये म्हटलं नाही. भिंतीपलीकडून गेमचं संगीत मात्र रोज ऐकू यायचं. ती एकटीच खेळत होती. संगीतावरून मला कळायचं की ती किल्ल्याच्या दारापर्यंत येते आणि तिथेच मरते. पुन्हा येते, पुन्हा मरते.

एका गुरुवारी दुपारी ती दारात आली. मी पत्रकांच्या घड्या घालत होते. तिने चपला काढल्या नाहीत, उंबऱ्याबाहेरच थांबली.

"किल्ल्यात पोचलेय. उद्या लाइट जाणार."

"मग?"

"मग काय? दिवा कोण धरणार? तुझी युनियन?"

आई चुलीकडे बघत राहिली. मी घड्या अर्ध्यावर ठेवून उठले. मनाशी मी तेव्हाच ठरवलं की बहिष्कार काकांवर आहे, तिने काहीच लिहून दिलेलं नाही. हा मुद्दा मला आजही बरोबर वाटतो.

यावेळी दिवा मी धरला, तलवार तिच्याकडे. तिने तो रिमोट सोडलाच नाही आणि मी मागितला नाही. आम्ही बोललो ते फक्त "डावीकडे", "थांब", "अगं उजेड, उजेड!" एवढंच. मधे एकदा माझी दिवेवाली खड्ड्यात पडता पडता वाचली तेव्हा ती हसली आणि मीही. किती महिन्यांनी. मला वाटलं, हे एवढं संपलं की सगळं पूर्वीसारखं होईल.

काळा राजा पडला. आम्ही ओरडणार होतो, पण तो मेला नाही. खुर्चीला टेकून बसला आणि त्याने टोप काढला. आत म्हातारा माणूस होता. त्याने त्या लहान खुर्चीवर हात ठेवला आणि बोलायला लागला. अक्षरांच्या रांगा खालून वर सरकू लागल्या. रांगांवर रांगा, संपेचनात.

"बघ," ती हळूच म्हणाली. "सांगितलं होतं ना?"

तेवढ्यात पहिली पाळी करून काका आले. रुमाल गळ्यात आलेला, अंगाला कारखान्याचा तो ओळखीचा आंबट वास. बाबांच्या कपड्यांतून तो वास केव्हाच गेला होता. मला बघून ते दारातच थबकले. मग पडद्याकडे बघू लागले.

"काय म्हणतोय तो?"

"कळत नाही," मैत्रीण म्हणाली.

काका डबा हातात घेऊनच खाली बसले. "बरंच काही सांगतोय," ते म्हणाले. आणि मग माझ्याकडे वळले. "तुझ्या बाबांना म्हणावं..."

"आता सांगून काय उपयोग?" मी म्हणाले. "गावं तर जाळून झाली."

मी हे राजाबद्दल बोलले नव्हते. ते तिघांनाही कळलं.

काका थोडं हसले. "हो," ते म्हणाले, "तेही आहेच." आणि हात धुवायला मोरीकडे गेले.

मैत्रिणीने रिमोट खाली ठेवला. राजा अजून बोलतच होता. तिने अडॉप्टर ओढून काढला. पडदा पांढरा झाला, मुंग्या आल्या.

"घरी जा," ती म्हणाली.

संध्याकाळी बाबा मांडवातून आले. आईने त्यांना सांगितलं असावं. ते रागावतील म्हणून मी माझा मुद्दा तयार ठेवला होता. त्यांनी फक्त विचारलं, "तो काय म्हणाला?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"तुम्हाला काहीतरी सांगायचं होतं. मी बोलू दिलं नाही."

बाबांनी मान हलवली आणि शर्ट खुंटीला लावला.

उन्हाळ्यात काकांनी खोली सोडली. बदलापूरला, सोनिवलीकडे कुठेतरी जागा मिळाली होती. टेम्पो आला. अख्खी चाळ कठड्याला टेकून बघत होती, उतरलं कोणी नाही. काका आणि टेम्पोवाला गोदरेजच्या कपाटाशी झटत होते. ते जिन्याच्या वळणावर अडकलं. बाबा खोलीतून बाहेर आले, लेंगा वर खोचला आणि खाली जाऊन त्यांनी कपाटाची दुसरी बाजू धरली. ते कपाट वर चढवलं होतं तेव्हाही या दोघांनीच, म्हणून कुठे कलवायचं ते बोलावं लागलं नाही. कपाट टेम्पोत गेलं. दोघे एकमेकांकडे न बघता बाजूला झाले.

बाबा वर आल्यावर मी विचारलं, "ते गद्दार आहेत ना?"

"आहे."

"मग?"

"कपाट एकट्याने उतरत नाही," बाबा म्हणाले, आणि पत्रक लिहायला बसले.

मैत्रीण टेम्पोत मागे गाद्यांवर बसली होती. मांडीवर गेमचा खोका. तिने वर पाहिलं नाही. मी कठड्याला होते, बाबांसारखी खाली गेले नाही. टेम्पो कोपऱ्यावर वळला, सायकल वळायची त्याच कोपऱ्यावर.

अंबरनाथनंतर बदलापूर, पुढचंच स्टेशन. माझा मुद्दा अजून जागेवर आहे. ज्याने घरं जाळली तो दुष्ट, मग त्याच्या शेजारी कितीही रिकाम्या खुर्च्या असोत. नंतर कॉलेजात, सभांमध्ये मी हे अनेकांना ऐकवलं. लोक टाळ्या वाजवतात. "मी कुठे म्हणते जाळायची?" असं मधेच कोणी म्हणत नाही.

आता मीही पत्रकं लिहिते. लिहून झालं की मला त्या सरकणाऱ्या रांगा दिसतात, आणि वाटतं, बदलापूरला एखाद्या शनिवारी तिने पुन्हा पहिल्या गावापासून सुरुवात केली असेल का. आणि किल्ल्यापर्यंत पोचली असेल, तर दिवा कोणी धरला असेल.