नेमाची माशी
चिंचेने घासलेल्या लोखंडाचा वास आला की मला मुळशीतली ती खंडेनवमी आठवते. बिबट्या शेजारच्या धनगराची शेरडं एकेक करून नेत होता, म्हणून मी मोठ्या ऐटीत एक जुनी शिकारी रायफल आणली. नळी रिकामी आहे हे पाहिलं, मातीच्या उंच बांधावर चुन्याचा ठिपका काढला आणि दोन दिवस बार काढत नळीच्या टोकावरची नेमाची माशी केसाकेसाने सरकवून जुळवली. मग पूजेच्या सकाळी या शहाण्याने लखलखाटासाठी तीच माशी उपटली, चिंचेने घासली आणि अंदाजाने परत ठोकली. ‘‘दादा, येक बार काढून बघा की,’’ धनगर म्हणाला. ‘‘पुजलेलं हत्यार आज चालवत नाहीत रे, एवढंही ठाऊक नाही?’’ मी त्यालाच शास्त्र शिकवलं. तिन्हीसांजेला बिबट्या कळपाकडे आला तेव्हा मात्र शास्त्र विसरून मी बार काढला, आणि बिबट्यावर धावून गेलेला धनगराचा कुत्रा कोसळला. ‘‘बिबट्या बरा व्हता, दादा. त्येनं राखणदार तरी ठिवला व्हता,’’ एवढंच तो बोलला आणि दुसऱ्या दिवशी उरलेली शेरडं घेऊन त्याने डोंगर सोडला. माझ्या फजित्या मी चारचौघांत रंगवून सांगतो. ही आज पहिल्यांदाच लिहितोय, आणि हिच्यात हसण्यासारखं काही सापडत नाही.