दोन खाचांमधला लोद्रा

केतुत रास्मिनीचं कपडे धुण्याचं दुकान ताबानन गावाच्या मोठ्या रस्त्यावर आहे. चार यंत्रं, एक टेबल आणि पाहुण्यांच्या बंगल्यांतून येणारे चादरींचे ढीग. यंत्र एकदा लावलं की चाळीस मिनिटं हातावर हात. आजूबाजूच्या दुकानांतल्या बायका तेवढ्यात अख्ख्या गल्लीची उणीदुणी काढून मोकळ्या होतात. रास्मिनी लॅपटॉपवर ठोकळ्यांचा खेळ खेळते. चव्वेचाळीस वर्षांची बाई, मुलं देनपसार शहरात नोकरीला लागलेली, आणि ही चौकोनी डोंगर खणत बसते म्हणून नवरा डोक्याला हात लावतो. तिला त्याचं सोयरसुतक नाही.

तिचे वडील, तिचे बापा, नेंगाह रेतुग, बंजारच्या म्हणजे वस्तीच्या वाद्यमेळात गांग्सा वाजवायचे. काशाच्या दहा पट्ट्या, उजव्या हातात हातोडी, आणि वाजलेली पट्टी लगेच डाव्या हाताने चिमटून गप्प करायची. गांग्साची चाल दोघांत वाटलेली असते. एकाचा ठोका, मधल्या फटीत दुसऱ्याचा. ऐकणाऱ्याला मात्र एकच धावती चाल ऐकू येते. रेतुगांच्या फटी चाळीस वर्षं गेदे लोद्राने भरल्या. देवळाच्या उत्सवाची सुरुवात ज्या चालीने व्हायची, ती या दोघांनी ऐन तरुणपणी बांधलेली.

लोद्रा गेला आणि रेतुगांनी हातोडी ठेवली. मेळातले लोक म्हणाले, फटी कशा भरायच्या याची रीत ठरलेली आहे, आम्ही भरतो. एकाने बसून भरल्यासुद्धा. रेतुग अर्ध्यातून उठून घरी आले. मग लोद्राची बाजू तुम्ही शिकवा, म्हटलं तर म्हणे, मला माझंच येतं. दोन उत्सव त्या चालीवाचून झाले. बापांचं वय त्र्याहत्तर. तिसराही असाच गेला तर चाल त्यांच्याबरोबरच जाणार, हे रास्मिनीला दिसत होतं आणि सहन होत नव्हतं.

मग तिने तो खेळ कामाला लावला. त्यात सुराचा ठोकळा मिळतो. टिचकी मारली की सूर एक पायरी चढतो, खाली लोखंड ठेवलं की खणखणतो. ठोकळ्यांना जोडायला लाल भुकटीची वाट आणि वाटेत थांबे, प्रत्येक थांब्याला चार खाचा. जितक्या खाचा, तितका उशीर. तिच्याजवळ जुन्या फोनवर तालमीचं ध्वनिमुद्रण होतं, निम्म्यात शेजारच्या कोंबड्याची बांग शिरलेलं. ती ते लावायची आणि बापांना म्हणायची, तुमचे ठोके तेवढे टेबलावर वाजवा. त्यांनी जे वाजवलं नाही ते लोद्राचं. तेवढंच तिने रचलं. सकाळी यंत्रांवर फुलांचा नैवेद्य ठेवताना, चादरींच्या घड्या घालताना तिच्या तोंडी तीच अर्धी चाल असायची. गिऱ्हाइकं विचारायची, ही बाई अडखळत का गुणगुणते?

तीन महिन्यांनी एका दुपारी ती बापांना बंजारच्या मंडपात घेऊन गेली. लोद्राच्या गांग्सावर कापड होतं. त्या कापडावरच तिने लॅपटॉप ठेवला आणि बापांना समोर त्यांच्या गांग्सापाशी बसवून हाती हातोडी दिली. लहानपणी ती इथेच, लोद्राच्या पाठीशी टेकून बसायची. पट्ट्यांना हात लावला की बापा म्हणायचे, हे मुलींच्या हातचं काम नव्हे. आता बायकांचेही मेळ निघालेत, पण रेतुगांनी तो शब्द काही मागे घेतलेला नव्हता.

"सूर काही आपले नाहीत," ते पहिल्या फटक्यालाच म्हणाले. पण वाजवत राहिले. ठोकळे त्यांच्या फटी भरत गेले आणि म्हाताऱ्याचे खांदे सैल झाले. मग चालीचं वळण आलं आणि त्यांनी हातोडी उचलून धरली.

"इथे तो जरासा मागे राहायचा."

तिने एक खाच वाढवली. बापा म्हणाले, फार मागे गेला. तिने ती काढली. आता फार पुढे.

"मधे ठेव की, तुत."

"मधे काही नाहीच, बापा. एक खाच, नाहीतर काही नाही."

"मग लोद्रा तुझ्या खेळात नाही."

रास्मिनीला रडू आलं आणि रडण्यापेक्षा राग जास्त आला. तीन महिने, एवढे थांबे, आणि हा मेला माणूस दोन खाचांच्या मधे जाऊन बसलाय. तिने लॅपटॉप उचलून खाली ठेवला, कापड ओढलं, लोद्राची हातोडी घेतली.

"एवढंसं तर मागे. असंच ना?" आणि तिने ते वळण वाजवून दाखवलं. डाव्या हाताने पट्ट्या आपोआप चिमटल्या गेल्या. कुणी शिकवलं नव्हतं; पाठीला टेकून पाहिलेलं होतं.

रेतुगांनी आपली हातोडी खाली टेकवली.

"अजून एकदा."

तिने वाजवलं.

"सुरुवातीपासून येतं?"

"नाही हो. मी फक्त ठोकळे रचले."

"कुठला कुठे, ते कुणी ठरवलं? त्या यंत्राने?"

तीन महिने ती लोद्राला त्या डब्यात भरत होती, आणि भरता भरता तो तिच्याच हातात उतरला होता, हे तिच्या आत्ता ध्यानात येत होतं.

"बंद कर ते," रेतुग म्हणाले. "आणि तिथून उठू नकोस."

दुकानात यंत्रं केव्हाच थांबली असणार, ओल्या चादरी आत गोळा होऊन पडल्या असणार. ती उठली नाही. पहिल्या फेरीत दोनदा चुकली. बापांनी चाल संथ केली, तिला येऊ दिलं. दुसऱ्या फेरीत ते वळण आलं तेव्हा मात्र रेतुग थांबले नाहीत. मागून कुणीतरी येतंय, हे त्यांच्या हाताला पुन्हा ठाऊक झालं होतं.