दांडीवरचे हात

बर्फाच्या डोंगरावर नेणारा तो पाळणा म्हणजे तारेला लटकवलेलं दोघांपुरतं बाकडं. समोर एक लोखंडी दांडी आणि लोंबत्या पायांखाली थेट दरी. स्कीइंगला आलेली मंडळी हसतखिदळत वर चालली होती. मी दांडी आवळून फक्त पुढच्या खांबाकडे बघत होतो.

उतारावर एक लहानसं देऊळ दिसलं, तशी शेजारी बसलेली बायको म्हणाली, "अहो, देवी आहे. हात जोडा."

"इथून?" माझा आवाज मलाच ओळखू येईना.

देवळाबाहेर चपला काढाव्यात तितक्या सहज तिने हातमोजे काढून मांडीवर ठेवले आणि हात जोडले. तेवढ्यात एक मोजा घसरला. किती वेळ तो खाली जातच होता! मी दांडी आणखीच घट्ट आवळली.

आपला भरवसा नेमका कशावर आहे, हे उंचावर लपवता येत नाही. माझा त्या दांडीवर होता.

तिने उघडा हात स्वेटरच्या बाहीत ओढून घेतला. बोटं गारठून लाल झाली होती. माझा मोजा द्यायचा, तर दांडी सोडायला हवी होती. मी डोळे मिटले आणि एकेक बोट सोडवत गेलो.

देऊळ केव्हाच मागे पडलं होतं. हात माझे तेव्हा सुटले.