पेडल थरथरतं तेव्हा

माझी आत्या बावीस वर्षं गाड्यांचे ब्रेक दुरुस्त करते. तिच्याशी हुज्जत घालायला आमच्या घरात कुणी धजत नाही, पण हे गॅरेजच्या मालकाला कुणी सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी शाळेची व्हॅन आली. आदल्या दिवशी ओल्या रस्त्यावर ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला, तर पेडल पायाखाली थरथरायला लागलं. ब्रेक तुटला असं समजून त्याने घाबरून पाय उचलला आणि व्हॅन कुंपणावर आदळली. आतली मुलं थोडक्यात वाचली.

"एबीएसचा फ्यूज काढून टाका," मालक म्हणाला. "थरथर बंद, गिऱ्हाईक खूश."

"बिघाड नाहीच आहे," आत्या म्हणाली. "एबीएसमध्ये प्रत्येक चाकाशी सेन्सर असतो. चाक जाम व्हायला लागलं की ब्रेक क्षणभर सैल होतो, परत आवळतो, सेकंदात कितीतरी वेळा. चाक फिरत राहिलं तरच गाडी वळते. थरथरतंय म्हणजे काम करतंय."

"बाई, अक्कल नका शिकवू. काढा, नाहीतर उद्यापासून येऊ नका."

घरात कमावणारी ती एकटीच, आणि हे मालकाला पक्कं ठाऊक होतं. त्याचाच मला संताप येतो.

"काढते," आत्या म्हणाली. "पण शेजारी तुम्ही बसायचं."

फ्यूज काढून तिने गाड्या धुवायच्या फरशीवर साबणाचं पाणी ओतलं, पुढे जुने टायर रचले. मालकाला शेजारी बसवलं, वेगात येऊन ब्रेक दाबला, स्टिअरिंग पूर्ण डावीकडे फिरवलं. चाकं जाम झाली आणि व्हॅन सरळ टायरांत घुसली. मालकाचा चेहरा पांढराफटक पडला.

मग तिने फ्यूज परत बसवला. तोच वेग, तेच पाणी. पेडल घरघरलं आणि व्हॅन टायरांना वळसा घालून थांबली. मालक उतरून गॅरेजच्या दारात जाऊन उभा राहिला.

आता तिने ड्रायव्हरला बसवलं. तीनदा त्याने पाय उचलला, तीनदा टायर उडाले.

"दादा, कितीही हादरलं तरी दाबून धरा. आणि वळा."

चौथ्या खेपेला त्याने दाबून धरलं. व्हॅन वळली. उतरताना त्याचे डोळे भरून आले होते.

"उद्याचं मी काय म्हणालो, लक्षात आहे ना?" मालकाने दारातून विचारलं.

"आहे," हात पुसत आत्या म्हणाली. "आठला येते. शाळेचे बाकीचे ड्रायव्हरही बोलावून ठेवा."